उपेक्षेसमोरची खूण

बदलापूरला पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर मला चौघांनी विचारलं. सांगलीचा माणूस त्या बाजूला जातो तो लग्नाला, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला. मी गेले होते थकवा मोजायला. समाजकार्याच्या कॉलेजात मी वीस वर्षं शिकवते आहे. उशिरा का होईना, पीएच.डी. करावी असं मनानं घेतलं आणि विषय निवडला तो मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा. मारझोडीतून, कारखान्यांतून, कधी घरच्याच माणसांच्या हातून सोडवलेली मुलं ही माणसं सांभाळतात. त्यातून त्यांना समाधान किती मिळतं आणि शीण किती येतो, हे एका परदेशी प्रश्नावलीनं मोजता येतं. तीस वाक्यं, आणि प्रत्येकासमोर ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच चौकोन. तिचं मराठी मी स्वतः केलं होतं आणि त्या मराठीचा मला फार अभिमान होता. खरं तर ही हकीकत त्या अभिमानाचीच आहे, पण वाटेत दालपकवान आहे, हजारेक वर्षांचं देऊळ आहे, तेव्हा क्रमानं सांगते.

विठ्ठलवाडी

माझी उतरायची सोय बदलापूरच्या अलीकडे, विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोजवळच्या एका लॉजवर केली होती. खाली मालकांचंच खाण्याचं दुकान. मालक सिंधी, सत्तरीचे, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात कालवणारे. “बैठो मॅडम, दालपकवान खाओ. सांगलीला असं भेटणार नाय.” खरंच भेटत नाही. आमच्याकडे सकाळी पोहे नाहीतर भडंग. इथे ताटाएवढी कडक पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. पहिल्या घासाला पुरीचा चुरा माझ्या साडीवर सांडला. मालकांनी विचारलं, “किस लाइन में हो?” मी म्हटलं, थकवा मोजते. ते हसले. “उसमें मापना क्या है? संध्याकाळी सात वाजता डेपोसमोर खडे राहा, सब दिखेगा.”

मी मनात म्हटलं, अडाणी माणूस.

ज्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना मी फॉर्म देणार होते, तिचं ऑफिस डेपोच्या मागे एका चाळीत, दोन खोल्यांत. संस्था चालवणारे गृहस्थ सज्जन होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. आता माझी पहिली चूक सांगते. प्रश्नावली आधी एक-दोघांना द्यायची, कोणतं वाक्य कसं समजलं ते विचारायचं, शब्द दुरुस्त करायचे आणि मग बाकीच्यांना वाटायची, हा धडा मी दर वर्षी मुलांकडून घोकून घेते. पण तो भारनियमनाचा काळ. झेरॉक्सवाला म्हणाला, “आत्ता लाइट आहे तोवर काय ते काढून घ्या, नंतर चारशिवाय येणार नाही.” इकडे सर म्हणत होते, आज मीटिंगला सगळे आहेत, उद्या पांगतील. तेव्हा मी होत्या त्या मजकुराच्या सगळ्या प्रती काढल्या. आपल्या मराठीत दुरुस्त करण्यासारखं असणार तरी काय, असंही वाटत होतंच.

दुसरी चूक त्याआधीची. कार्यकर्ता फार थकला की मुलांच्या दुःखाबद्दल त्याचं मन बोथट होतं. हे सांगणारी तीन वाक्यं प्रश्नावलीत होती. माझे मार्गदर्शक म्हणाले होते, “सरळ ‘दुर्लक्ष’ लिहा.” मला ‘दुर्लक्ष’ पोरकट वाटलं. दुर्लक्ष अभ्यासात होतं, दुःखी जिवाची होते ती उपेक्षा! मी तीनही ठिकाणी ‘उपेक्षा’ घातलं. ‘मुलांचं दुःख ऐकताना माझ्या मनात उपेक्षा असते.’ असं.

बाराएक जण सतरंजीवर बसून फॉर्म भरत होते. भिंतीशी एक पस्तिशीच्या बाई होत्या, सुनंदाताई. अंबरनाथला राहणाऱ्या, दहा वर्षं याच कामात. इतर जण ‘मॅडम, हे कसं?’ करत होते, त्या शांतपणे खुणा करत होत्या. एका वाक्याशी थांबल्या, हसल्या आणि मला म्हणाल्या, “हे बरं विचारलंत मॅडम. हे कोणी विचारत नाही आम्हाला.”

फॉर्मवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पण कोणता नंबर कोणाचा, ते माझ्या डायरीत होतं. त्या उठून गेल्यावर मी पाहिलं. ‘उपेक्षा’ असलेल्या तीनही वाक्यांसमोर ‘नेहमी’च्या चौकोनात ठसठशीत खूण होती.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंच्याच बरोबर फिरायचं ठरलं. माझं त्यांच्यावर लक्ष होतं, हे कबूल करते. आधी त्यांनी मला शिवमंदिर दाखवायला नेलं. ओढ्याकाठचं काळ्या दगडाचं देऊळ, तळापासून वरपर्यंत माणसांनी, हत्तींनी भरलेलं. पुष्कळ मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत, पण उभं राहण्याची ढब तशीच आहे. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जायचा. आमच्या कृष्णेकाठची देवळं पाहून मोठी झालेली मी, पण अशी कारागिरी पाहिली नव्हती.

सुनंदाताई मात्र बाहेर झाडाखाली थांबल्या. “तुम्ही जाऊन या मॅडम. मी इथे बसते.”

“पाय दुखतात का?” मी विचारलं.

“नाही हो. तुम्ही या ना निवांत.”

मी आत गेले, पण डोक्यात डायरीच चालू होती. दहा मिनिटांच्या वाटेवर बाई बसून घेते, हा शीणच. त्या बौद्ध आहेत, त्यांच्या घरानं वडलांच्या तरुणपणीच देव सोडले होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. दोन प्रश्न विचारले असते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं. तीस प्रश्न पिशवीत होते, त्यामुळे एकतिसावा सुचला नाही.

बदलापूर

दुपारी आम्ही बदलापूरच्या मुलींच्या निवाऱ्यात गेलो. तिथे छबी होती. वय अकरा. आई नव्हती. बाप जांभूळला राहायचा, त्यानं तिला उल्हासनगरला काकीकडे ठेवलं होतं. उल्हासनगरात गल्लोगल्ली जीन्स शिवतात, आणि शिवलेल्या पँटचे लोंबते धागे कापायचं काम घरोघर जातं. छबी शाळा सोडून सकाळपासून ते करायची. कमी कापले की जेवण नाही, असा काकीचा कायदा. सुनंदाताईंनी तिला तिथून सोडवून आणलं होतं, आणि निवाऱ्यात आल्यापासून पोरगी कोणाशीही बोलत नव्हती.

म्हणजे सुनंदाताई सोडून कोणाशीही नाही. आणि त्यांच्याशी बोलायची तेही एकाच वेळी. त्यांच्या कापडी पिशवीत नखकात्री आणि लिंबाची फोड असायची. त्या छबीचा हात मांडीवर घ्यायच्या, नखं कापायच्या आणि नखांच्या कडेला बसलेला जीन्सचा निळा रंग लिंबानं घासून काढायच्या. हात हातात असला की पोरगी बोलायची. सोडला की गप्प.

मी खिडकीशी बसून पाहत होते.

“काकीकडं नाय जायचं मला,” छबी नखांकडे बघत म्हणाली.

“मग हे तुला समितीतल्या बाईंना सांगावं लागेल. तुझ्या तोंडानं. मी सांगून नाही चालत.”

छबी म्हणाली, “तू हात धरशील?”

“धरीन की.”

मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीची तारीख तीन आठवड्यांनी होती. काकीनंही मुलगी परत मागितली होती. मुलगी काय म्हणते, यावर बरंचसं ठरणार होतं.

जांभूळ

तिसऱ्या दिवशी छबीच्या बापाकडे गेलो, तो तिला ठेवून घेतो का ते पाहायला. जांभूळ तसं खेडंच. पाणी शुद्ध करण्याच्या मोठ्या केंद्राची भिंत गावाशेजारून जाते, आणि बायका त्याच भिंतीच्या कडेनं डोक्यावर हंडे घेऊन जाताना दिसल्या. मी हे बोलून दाखवलं. सुनंदाताई म्हणाल्या, “ते पाणी कारखान्यांना मॅडम. यांची विहीर आहे.”

बाप अंगणात बसला होता, दोन महिन्यांपूर्वी पडून कमरेनं अधू झालेला. सुनंदाताईंनी त्याला पोरीचं सगळं सांगितलं. काकी जेवण तोडायची तेही. तो ढसाढसा रडला. “मना काय ठाव ताई! माज्यापाशी ठेवू तर तिला बघाया कोन हाय? माजंच दुसरं कोनी बघतं.”

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सुनंदाताईंच्या नव्हती. त्यांनी त्याला रडू दिलं, मग मुलीला ठेवून घेता येत नाही असं लिहिलेला कागद पुढे केला, अंगठा कुठे ते दाखवलं. शेजारणीनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणून दिली. मला घास उतरेना. सुनंदाताईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर म्हणाल्या, “तुम्ही पण खा मॅडम. उपाशी राहून त्याचं काय होणार?”

परतताना मी डायरीत लिहिलं: ‘भावनिक बोथटपणा. प्रत्यक्ष पाहिला.’ वही अजून माझ्याकडे आहे. ती ओळ मी खोडलेली नाही.

पुन्हा विठ्ठलवाडी

चौथ्या दिवशी निघण्याआधी सरांनी चहाला थांबवून घेतलं. “नावं नका सांगू,” ते म्हणाले, “पण काळजी करावी असं कोणी दिसलं का?”

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. फॉर्मच्या माथ्यावर मीच छापलं होतं, ‘आपली माहिती गोपनीय राहील’. पण सरांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, आणि मला त्या चार दिवसांत सुनंदाताईंचा लळा लागला होता. आपण एका थकलेल्या बाईला हात देतो आहोत, असं वाटलं. मी म्हटलं, “सुनंदाताईंना थोडे दिवस मुलांपासून लांब ठेवा. ऑफिसचं काम द्या.”

“त्या तर काही बोलत नाहीत,” सर म्हणाले.

“थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही.” वर्गात टाळी घेणारं माझं वाक्य. तिथेही लागू पडलं.

छबीला दिलेलं वचन मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. हात काय, दुसरी कोणी धरेल, असं मनाला सांगून मी चहा संपवला. आणखी एक गोष्ट मी पाहूनही सोडली होती. समाधानाच्या बाजूलाही सुनंदाताईंचे आकडे भक्कम होते, सगळ्यांत वर. मन मेलेल्या बाईला इतकं समाधान कुठून, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरानंही विचारला असता.

अंबरनाथ, चैत्रात

तीन महिन्यांनी निष्कर्ष सांगायला मी पुन्हा गेले. पहिल्या प्रथम सुनंदाताईंना भेटावं म्हणून रविवारी अंबरनाथला त्यांच्या वस्तीत पोचले. शेजारची पोरं म्हणाली, त्या विहारात आहेत. विहार म्हणजे एक लांबट खोली, पुढे बुद्धाची मूर्ती आणि सतरंजीवर वीसेक मुलं. सुनंदाताई त्यांच्याकडून पाठ करून घेत होत्या. मी दारात चपला काढून बसले आणि सहज भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं दहा पारमिता लिहिल्या होत्या, माणसानं अंगी बाणवायचे दहा गुण. शील. दान. आणि तिसरा, उपेक्षा. त्याखाली बारीक अक्षरात अर्थ होता. सुखानं चढायचं नाही, दुःखानं खचायचं नाही, मन समतोल ठेवून आपलं काम करत राहायचं, अशा अर्थाचं काहीतरी. मुलं तेच घोकत होती. “उपेक्षा!” सुनंदाताई म्हणायच्या, आणि वीस गळे तो शब्द माझ्या अंगावर परत फेकायचे.

मुलं गेल्यावर मी त्यांना विचारलं, “फॉर्ममध्ये तुम्ही उपेक्षेसमोर ‘नेहमी’ लिहिलंत, ते हे?”

“मग काय? रोजचंच आहे ना ते आमचं,” त्या म्हणाल्या. “दुःख ऐकताना मन हलू द्यायचं नाही, हात हलवत राहायचा. पहिली दोन वर्षं रडायचे मी, जेवायचे नाही. पोरांना काय उपयोग त्याचा? वडील म्हणाले, उपेक्षा शिक. शिकले. तुमच्या फॉर्ममध्ये दिसलं तेव्हा मला वाटलं, मॅडमनी आमच्यातलं काही वाचून विचारलंय. बरं वाटलं हो.”

मी त्यांना माझा अर्थ सांगितला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “असं होय! सर म्हणाले, टेस्टमध्ये तुम्ही फार थकलेल्या निघालात. मी म्हटलं, नाही हो सर. तर म्हणाले, थकलेल्या माणसाला कळत नाही.”

“छबी?” मी विचारलं.

तारखेच्या दिवशी सुनंदाताई विठ्ठलवाडीच्या ऑफिसात रजिस्टरं लिहीत होत्या. छबीबरोबर दुसऱ्या ताई गेल्या. चांगल्या होत्या, सुनंदाताईंनी त्यांना हाताचं सांगूनही ठेवलं होतं. त्यांनी हात धरला. छबीनं सोडवून घेतला आणि दाराकडे बघत राहिली. समितीच्या बाईंनी तीन वेळा विचारलं, काकीकडे जायचं का? पोरगी ना हो म्हणाली ना नाही. काकी रडली, पाया पडली, शाळेत घालीन म्हणाली. मुलगी विरोध करत नाही असं लिहून तिला काकीच्या ताब्यात दिलं.

मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मलाही रडू दिलं, मग पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चार शब्द सुनवा, असं मी म्हटलंही. “सुनवून काय मॅडम,” त्या म्हणाल्या, “सरांना फोन करा तेवढा.”

मी लगेच केला. सरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनंदाताईंना मुलांच्या कामावर परत घेतलं. निकाल मात्र झाला होता. काकीच्या घरी जाऊन मुलीची विचारपूस करायची आणि तिला शाळेत घातलेलं नसेल तर समितीकडे पुन्हा अर्ज करायचा, एवढंच हातात होतं. त्याला वेळ लागणार होता.

उल्हासनगर

पहिल्या विचारपुशीला सुनंदाताईंबरोबर मीही गेले. कोणी बोलावलं नव्हतं. अरुंद गल्ली, शिलाईच्या मशिनांचा आवाज, आणि गटारातून वाहणारं निळं पाणी. दुपारचे बारा, शाळेची वेळ. छबी काकीच्या उंबऱ्यात बसली होती. एका बाजूला पँटींचा ढीग, मांडीवर एक पँट, हातात छोटी कात्री. नखं पुन्हा निळी झाली होती. आमची सावली पडली तशी तिनं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

सुनंदाताई उभ्याच राहिल्या. पिशवीतलं लिंबू त्यांनी काढलं नाही.

दोन-तीन धागे कापून झाल्यावर छबी म्हणाली, “तू आली नाय त्या दिवशी.”

“नाही आले.”

“का?”

मी शेजारीच होते. उत्तर माझं होतं, आणि मला ते पोरीच्या भाषेत सांगता येईना. सुनंदाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्यादेखत माझं नाव घ्यावं लागलं असतं.

“थकले होते गं,” त्या म्हणाल्या.

छबीनं कात्री खाली ठेवली. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. मग दोन्ही हातांनी पँटींचा ढीग ओढून उंबऱ्यावर जागा केली आणि म्हणाली, “मग बस ना.”